दोन पिंपं आणि एक संत

संत निकोलाच्या दिवशी क्रेमिचांच्या घरात सगळ्यांच्या आधी तिहोमीर उठला, आणि तो उठला हीच मुळात काळजीची गोष्ट होती. आदल्या संध्याकाळी स्लावाचे पहिले पाहुणे येऊन गेले होते. स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्याला आमच्याकडे कुणी कुणाला बोलावत नाही, ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला आपला ग्लास रिकामा दिसता कामा नये. हे ग्लासांचं काम धाकटा मुलगा म्हणून तिहोमीरकडे होतं. पाहुण्यांना संकोच वाटू नये म्हणून तो प्रत्येकाबरोबर स्वतःही घेत गेला, आणि पाहुणे पुष्कळ होते.

आता त्याच्या डोक्यात कुणीतरी खडी फोडत होतं. त्यावर आमच्या खोऱ्यात एकच औषध आहे : रासोल, म्हणजे आंबवलेल्या कोबीचं पाणी. डॉक्टरही तेच घेतात. आईचं कोबीचं पिंप तळघरात होतं, पण तळघराची वाट स्वयंपाकघरातून जात होती आणि स्वयंपाकघरात आई होती. तिहोमीर पन्नाशीला आला होता, तरी अशा तोंडाने आईसमोरून जायची त्याची हिंमत झाली नाही. तो मागच्या दाराने घरच्या काँक्रीटच्या कारखान्याच्या शेडकडे वळला. तिथे दोन निळी पिंपं आहेत आणि त्यांत कोबीचंच पाणी आहे, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. त्या पिंपांना हात लावायचा नाही असं वर्षभर सगळ्यांना बजावलेलं आहे, हे मात्र त्या क्षणी आठवलं नाही.

पहिल्या पिंपातली अर्धी पळी त्याने तोंडात घेतली आणि थुंकली. पाणी पांचट होतं, वर साबणासारखी चव. दुसऱ्या पिंपातल्या पहिल्याच घोटाने दात आंबले, कानशिलं तापली आणि दोन्ही डोळे एकदम उघडले. त्याने तीन पळ्या घेतल्या, झाकणं लावली आणि चांगुलपणाच्या भरात सरळ स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "आई, शेडमधल्या एका पिंपाचं पाणी उतरलंय, ओतून टाक. दुसरं मात्र तुझ्या हातचं वाटतच नाही, इतकं झकास झालंय."

वुकोसावा पावट्याच्या मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होती. ती थांबली. एका वाक्यात दोन अपमान झाले होते, पण तिने आधी मुद्द्याला हात घातला.

"शेडमध्ये माझं पिंप नाही," ती म्हणाली.

मासे साफ करणारी झागोर्का, म्हणजे तिहोमीरची बायको, हातातली सुरी तशीच धरून नवऱ्याकडे बघू लागली. दारात दुन्या उभी होती, संतापुढे कापायचा गोल पाव हातात घेऊन. दुन्या ही थोरल्या मुलाची, स्रेतेनची मुलगी. बाप ऑस्ट्रियात ट्रक चालवतो. ही बेलग्रेडला काँक्रीट शिकली आणि तीन वर्षांपूर्वी आजोबांच्या कारखान्यात परत आली, त्या दिवसापासून या घरात जेवताना दुसरा विषय निघालेला नाही.

"काका," दुन्या अगदी हळू म्हणाली, "कोणत्या पिंपातलं प्यायलात?"

"दोन्हीतलं. एक बेचव होतं, म्हणून दुसरं."

"त्यात काय आहे ते माहीत आहे ना?"

"कोबीचं पाणी."

"कोबीच्या पाण्यात काँक्रीटचे ठोकळे आहेत. एकात आजोबांचा सिमेंटचा, एकात माझा. माझा राखेचा आहे."

"कसली राख?" झागोर्काने विचारलं, जरी तिला चांगलं ठाऊक होतं.

"वीजकेंद्राची."

वुकोसावाने छातीवर क्रुसाची खूण केली. "चाळीस वर्षं ती राख माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर पडली," ती म्हणाली. "आता माझ्या पोराच्या पोटात गेली."

"दूध द्या त्याला," झागोर्का म्हणाली. "विषावर दूध देतात."

"आज? उपासाच्या दिवसांत, संत निकोलाच्या दिवशी, या घरात दूध?" नाताळाआधीच्या या उपासात आमच्याकडे मासा चालतो, दूध चालत नाही.

"आई, तो मेला तर?"

"मेला तर उपास न मोडता मरेल," वुकोसावा छताला म्हणाली.

शेवटी झागोर्काने पाद्रीबुवांना फोन लावला. पाद्रीबुवा म्हणाले, औषध म्हणून दूध चालेल, पण तो काय प्यायला ते परत एकदा सांगा. मग कळलं की घरात दूध नाहीच. उपास लागायच्या आदल्या दिवशी वुकोसावाने असेल नसेल ते शेजारच्या मांजरांना घालून टाकलं होतं. दुन्याने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी किती प्यायला ते विचारून घेतलं, भरपूर पाणी पाजा आणि दिवसभर लक्ष ठेवा म्हणाले. शिवाय काल संध्याकाळी त्याच्याच बरोबर ते बसले होते, तेव्हा कालच्यापेक्षा हे सौम्य आहे असंही त्यांनी सांगितलं.

"मला काहीसुद्धा झालेलं नाही," तिहोमीर म्हणाला. "उलट वर्षभरात सकाळी इतकं बरं वाटलं नव्हतं."

दुन्या त्याला पाण्यावर पाणी पाजत होती. तिला काळजी वाटत होती हे खरं, पण खोटं कशाला सांगायचं, आतून ती आनंदाने फुलली होती. एक पाणी मेलं, एक आंबट राहिलं. म्हणजे एका ठोकळ्याने आंबटपणा खाल्ला आणि आंबटपणाने त्याला खाल्लं. दुसरा तसाच राहिला. कोणता कोणता, याबद्दल तिला शंका नव्हती.

तेवढ्यात वुकोसावाचा नवरा रादिसाव आत आला. ऐंशी ओलांडलेला म्हातारा, काळा सूट, मिशी पाणी लावून बसवलेली. अंगणातून त्याने सगळं ऐकलं होतं.

"कुम यायच्या आत हा विषय बंद," तो म्हणाला. "तिहोमीर, तुला काहीही होत असलं तरी जेवण आटपेपर्यंत होऊ द्यायचं नाही."

कुम ब्लागोये आज नुसता पाहुणा म्हणून येणार नव्हता. त्याच्या बापाने रादिसावला बाप्तिस्म्याला हातात धरलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांना कुम म्हणतात, आणि कुमचं नातं आमच्याकडे रक्ताच्या नात्यापेक्षा जड. पण ब्लागोये कोबी सहकारी संस्थेचा प्रमुखही होता. संस्थेचे कोबी आंबवायचे बारा हौद रादिसावने आणि त्याच्या बापाने मिळून ओतलेले. आता ते आतून झिजले होते, खडी उघडी पडली होती. रादिसावचं म्हणणं, हौदांना काही झालेलं नाही, हल्ली कोबीच फार आंबट येतो. ब्लागोयेला नवे हौद हवे होते, आणि सोमवारी प्लास्टिकच्या टाक्यावाला येणार होता. काम टाक्यावाल्याकडे गेलं की कारखाना बंद. मग दुन्या ऑस्ट्रियात लिंझला जाणार. बापाने तिथे नोकरी बघून ठेवली होती आणि त्यांनाही उत्तर सोमवारीच हवं होतं. दुन्याला जायचं नव्हतं. तिला तिच्या काँक्रीटचे हौद इथे, याच गावात ओतायचे होते.

म्हणून गेल्या वर्षीच्या स्लावाला आजोबा-नातीची पैज लागली, कुमच्या साक्षीने. सारख्या मापाचे दोन ठोकळे, तीच खडी, तीच रेती. एक सिमेंटचा. दुसऱ्यात सिमेंटच नाही; वीजकेंद्राची राख, साबणाला लागतो तो सोडा आणि काचेचं पाणी म्हणतात तो सिलिकेटचा पाक, असं सगळं कालवून आलुबुखार वाळवायच्या भट्टीत भाजलेला. त्याला जिओपॉलिमर म्हणतात. त्या साली गावात वाळवलेले आलुबुखार फक्त क्रेमिचांकडे नव्हते. दोन्ही ठोकळे जाळीत बांधून कोबीच्या पाण्यात सोडले. वर्षभर वर काढायचे नाहीत, यंत्रं लावायची नाहीत, ही रादिसावची अट; खालच्या तोटीतून पाणी बदलायचं कामही त्याने स्वतःकडे ठेवलं, कारण नातीवर विश्वास असला तरी शिकलेल्या माणसांवर नव्हता. त्याला वासाने काही कळलं असतं असं नाही. सिमेंटने त्याचं नाक केव्हाच बुजवलं होतं.

आज जेवणाआधी कुमसमोर पिंपं उघडायची होती.

*

झागोर्का सासूच्या पाठीला पाठ लावून कांदा चिरत होती. या दोघींमध्ये वर्षभर धड संभाषण नव्हतं. जुन्या गाडीत आरशाखाली टांगलेला संत निकोलाचा पत्र्याचा बिल्ला गेल्या हिवाळ्यात नाहीसा झाला होता, आणि गाडी शेवटची झागोर्काने धुतली होती. वुकोसावा त्याबद्दल कधी काही बोलली नाही. ती इतकं काही बोलली नाही की सगळ्या गावाला कळलं.

झागोर्काला कारखाना बंद झालेला चालणार होता. शेडच्या जागी गाड्या धुवायचं केंद्र काढावं असं तिच्या मनात होतं, कारण राख पडणाऱ्या गावात गाड्या रोज मळतात. म्हणून ती प्लास्टिकच्या बाजूची. वुकोसावाला राखेचा तिटकारा होता, पण राख हरली तर पोरगी लिंझला जाणार, त्यामुळे ती राखेच्या बाजूची. तिहोमीर कुणाच्याच बाजूचा नव्हता. सगळे त्याला आपल्या बाजूचा समजत, आणि ते त्याला सोयीचं होतं.

"तुझ्या नवऱ्याला तिथे जाऊ द्यायला नको होतं," वुकोसावा पातेल्याला म्हणाली.

"मी त्याला पिंपात घालून झाकण लावलं नव्हतं, आई," झागोर्का कांद्याला म्हणाली. "उलट काल मी ती शेड झाडून काढली. पिंपं सरकवली, मागची जळमटं काढली, पिंपांवरचा खडूसुद्धा पुसला. कुणी बघितलं का?"

"खडू?" दुन्या दारातून म्हणाली. "पिंपांवरच्या खुणा पुसल्यास, काकू?"

"झाकणांवर रंगाने लिहिलेलं आहे ना. घाण दोनदा कशाला हवी?"

*

कुम ब्लागोये पाव कापायच्या वेळेला आला. रुंद, हळू बोलणारा, नाकाने जगणारा माणूस. सत्तरीतही संस्थेतल्या प्रत्येक हौदाचा वास तो दारातून ओळखत असे. सगळे उभे राहिले, मेणबत्ती लागली, पाव फिरवून कापला, त्यावर लाल वाइन ओतली. मग ब्लागोये म्हणाला, "चला, आधी भांडण मिटवू, नाहीतर मासे गोड लागायचे नाहीत."

सगळे शेडमध्ये गेले. एका झाकणावर 'दु' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'रा'. ब्लागोयेने 'दु'चं झाकण काढलं, वाकून वास घेतला आणि करंगळी बुडवून जिभेला लावली.

"हे पाणी मेलंय," तो म्हणाला.

मग 'रा'चं झाकण. तो वाकला आणि त्याचा चेहरा उजळला. "हे जिवंत आहे. असं पाणी तर माझ्या संस्थेत मिळत नाही."

दुन्याला पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटलं. जाळ्या वर आल्या. 'दु'च्या जाळीतला ठोकळा पार खाल्लेला होता. कडा गोल झाल्या होत्या, खडी बाहेर आली होती, ब्लागोयेने नख लावलं तर ओली माती निघावी तशी साय निघाली. 'रा'च्या जाळीतल्या ठोकळ्याच्या कडा ओतल्या दिवशी असाव्यात तशा होत्या. दोघांचा रंग मात्र कोबीने सारखाच तपकिरी करून टाकला होता.

दुन्याच्या मनात आलं, आपलं चुकलं. प्रयोगशाळेत आपण आम्लं बाटलीतून ओतली. गावच्या कोबीला कुणी विचारलंच नव्हतं. तीन वर्षं आपण सगळ्यांना राख खायला घातली. तिला रडू आलं, आणि ते दाबताना तिची नजर झाकणांवर गेली.

"काका," ती म्हणाली, "सकाळी प्यायल्यावर झाकणं कशी लावलीत?"

"पालथी नाही लावली."

"कुठलं कुठे लावलंत?"

तिहोमीरने दोन्ही झाकणांकडे मन लावून पाहिलं. "शपथ घेऊन सांगता येणार नाही," तो म्हणाला.

"कोण प्यायलं?" ब्लागोयेने विचारलं. मग त्याला सगळं सांगावं लागलं. तो इतका हसला की पिंपाला धरून उभा राहिला. पण हसून झाल्यावर त्याने मान हलवली.

"दुन्या बाळ, झाकणं उलटी लागली असतील, नसतीलही. मी काय समजू?"

"एका आठवड्यात बेलग्रेडहून तपासून आणते. ठोकळा फोडला की कळेल."

"टाक्यावाला सोमवारी येतोय."

"हार पचवायला शिकावं माणसाने," झागोर्का कुणाकडे न बघता म्हणाली.

"तू गप्प बस," वुकोसावा म्हणाली. वर्षभरात ती सुनेशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

ब्लागोयेने रादिसावच्या खांद्यावर हात ठेवला. "कुम, मला तर बरंच वाटलं. जुनं ते टिकलं. प्लास्टिक माझ्याही मनात नाही. जुन्यासारखेच बारा हौद ओत, मी टाक्यावाल्याला परत पाठवतो."

रादिसावची छाती फुगली. तो खरोखर जिंकला होता, आणि आपणच जिंकणार हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. जिंकलेल्या माणसाने उदार असावं म्हणून त्याने नातीचा खाल्लेला ठोकळा स्वतः उचलला. "मी टाकतो बाहेर," तो म्हणाला. "पोरीला नको बघायला."

*

ढिगाऱ्याशी जाऊन त्याने ठोकळा फेकायला हात मागे घेतला, आणि अंगठ्याखाली काहीतरी गुळगुळीत लागलं. त्याने पाहिलं. दोन खड्यांच्या मधून, विरघळलेल्या सिमेंटातून, पत्र्याचा संत निकोला त्याच्याकडे बघत होता. कपाळ आणि अर्धी दाढी बाहेर आली होती.

रादिसावने तो तिथे स्वतः घातला होता. गेल्या वर्षी ठोकळा ओतताना त्याच्या मनात आलं होतं की निकोला हा खलाशांचा, पाण्यातल्या सगळ्या गोष्टींचा राखणदार, आणि कोबीचं पाणीही शेवटी पाणीच. त्याने गाडीतला बिल्ला काढून ओल्या काँक्रीटमध्ये दाबला होता. शिवाय सिमेंटही ठरलेल्या मापापेक्षा दोन थापी जास्त टाकलं होतं, पण ते त्याने आपल्या हाताच्या सवयीवर ढकललं होतं. बायको वर्षभर सुनेवर डूख धरून होती, तेव्हा दोनदा तो सांगायला गेला आणि दोन्ही वेळा त्याला गुरांना पाणी दाखवायचं आठवलं. गुरं विकून त्याला सात वर्षं झाली होती.

म्हणजे खाल्लेला ठोकळा त्याचा होता. संत आत असून, जास्तीचं सिमेंट असून, कोबीने तो खाल्ला होता.

त्याने मागे वळून पाहिलं. कुणी येत नव्हतं. नखाने उकरून त्याने बिल्ला काढला, खिशात टाकला, ठोकळा ढिगाऱ्यात पार खाली सारला. काही बोलायची गरज नव्हती. कुम खूश होता, बारा हौदांचं काम आलं होतं, नाव राहिलं होतं. दुन्या लिंझला गेली असती, पण तिचा बापही तिथेच होता, आणि पोरं जातातच. तो चार पावलं चालला आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटतेय. पोरगी जाईल याची. मग बारा हौद ओतून संध्याकाळी कुणाशी भांडायचं, हे त्याला कळेना.

*

जेवणाला सगळे बसले, रादिसाव सोडून. स्लावाला घरधनी बसत नाही. तो उभा राहून वाढतो. वुकोसावा नवऱ्याला साठ वर्षं ओळखत होती. त्याने कुमच्या ताटात मासा वाढला, परत येऊन पुन्हा मासा वाढला आणि तिसऱ्यांदा मासा घेऊन निघाला, तेव्हा तिने डाव खाली ठेवला.

"रादिसाव, काय केलंस?"

"काही नाही."

"खिशातून हात काढ."

ब्लागोये ग्लास उंचावून उभा राहत होता. "जुन्या काँक्रीटला," तो म्हणाला, "आणि ते ओतणाऱ्या हातांना."

"कुम, ग्लास खाली ठेव," रादिसाव म्हणाला. त्याने खिशातून बिल्ला काढला आणि मेणबत्तीच्या पायाशी ठेवला. दाढीत अजून सिमेंट अडकलं होतं. "हा खाल्लेल्या ठोकळ्यातून निघाला. मी घातला होता. खाल्लेला ठोकळा माझा आहे."

आधी बोलली ती वुकोसावा. "हा आपल्या गाडीतला निकोला."

"हो."

"वर्षभर मी झागोर्काला..."

"वर्षभर मला चोर म्हणालात, आई," झागोर्का म्हणाली.

"मी एक शब्द बोलले नाही."

"तेच तर."

वुकोसावा उठली, माशाचा सगळ्यात मोठा, मधला तुकडा काढला आणि सुनेच्या ताटात ठेवला. तो तुकडा आजवर या घरात फक्त पाद्रीबुवांना मिळालेला होता. झागोर्का ताटाकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. गाड्या धुवायच्या केंद्राचा विचार त्या दिवसापुरता तिने सोडून दिला.

"आजोबा," दुन्या म्हणाली, "दोन्ही ठोकळे सारखे असायचे होते. एकात संत आणि दुसऱ्यात नाही, ही बरोबरी झाली का?"

"संत म्हणजे काही माल नव्हे," रादिसाव म्हणाला. "पण सिमेंट जास्त घातलं होतं, ते धर. तरी खाल्ला. हे मला समजत नाही. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, हे माझ्या बापाने सांगितलंय."

"ओझ्याला मजबूत. आंबट पाणी चुना शोधत येतं, आणि तुमच्या सिमेंटात चुनाच आहे. जास्त सिमेंट म्हणजे त्याला जास्त जेवण. माझ्या राखेत चुना नसल्यासारखाच, म्हणून ते तोंड लावून परत जातं."

ब्लागोये खाली बसला होता. "म्हणजे माझ्या तिसऱ्या हौदाचं पाणी मरतं ते..."

"हौद खातो आंबटपणा. आणि आंबटपणा हौद."

"मी वर्षानुवर्षं मीठ घालणाऱ्या बायकांना बोल लावतोय. त्यांतली एक माझी बहीण आहे." त्याने ग्लास एका दमात रिकामा केला, तिहोमीरने तो लगेच भरला. "बरं. मग हे तुझं किती टिकेल? खरं सांग."

सगळ्यांनी दुन्याकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं की सोमवारी काय होणार ते या वाक्यावर ठरणार आहे.

"कोबीत सिमेंटपेक्षा पुष्कळ जास्त टिकेल, ते तुम्ही नाकाने पाहिलंत," ती म्हणाली. "पन्नास वर्षांचं विचाराल तर मला माहीत नाही. युक्रेनमध्ये याच्या जवळचं काहीतरी साठ वर्षांपूर्वी वापरलंय आणि ते उभं आहे असं वाचलंय, पण त्यात लोखंडाच्या भट्टीतली धातुमळी होती, ही राख नव्हती. माझ्या हातचं सगळ्यात जुनं तीन हिवाळ्यांचं आहे. उघड्यावर त्याला पांढरा क्षार फुटतो, दाढी आल्यासारखा. आत लोखंड घातलं तर हवेने ते सिमेंटातल्यापेक्षा लवकर गंजू शकतं. म्हणून हौद जाड करीन आणि लोखंड घालणार नाही."

"गिऱ्हाइकाला असं सांगतात का कधी?" रादिसाव म्हणाला. मासा वाढायचा चमचा त्याच्या हातात तसाच होता. "कुम, हिचं ऐकू नकोस. दाढीबिढी काही नाही, पुसली की जाते, मी पुसलेली आहे. हिने भट्टीत भाजलेली एक लादी मी गोठ्याच्या दारात टाकलीय, त्यावरून तिहोमीरची गाडी जाते, एक तडा नाही. हे टिकेल. मी सांगतो ना."

"तुम्हीच काल म्हणालात की ही राखेची चिखलपोळी आहे," तिहोमीर म्हणाला.

"काल मी तिच्या विरुद्ध होतो."

ब्लागोये म्हाताऱ्याकडे बघून हसला. "कुम, तुझे हौद किती टिकतील म्हणाला होतास, आठवतं? जगबुडीपर्यंत." मग तो दुन्याकडे वळला. "हौद विकणाऱ्याच्या तोंडून 'माहीत नाही' हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तीन हौद कर. पुढचा कोबी त्यांत घालू, मी वास घेईन, मग बाकीचे बघू. टाक्यावाल्याला थांबायला सांगतो. पण तू लिंझला गेलीस आणि हौद फुटला, तर मी विचारू कुणाला?"

"मला विचारा. मी इथेच आहे."

वुकोसावाने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं आणि कांदा झोंबल्याचं सांगितलं. कांदा केव्हाच शिजला होता.

रादिसाव वाइनचा जग घेऊन टेबलाभोवती निघाला. "तीन हौद," तो पुटपुटत होता. "आणि ते कालवणार कोण? ही एकटी?"

"मी," दुन्या म्हणाली. "आणि तुम्ही, हातमोजे घालणार असाल तर."

"मी साठ वर्षं उघड्या हातांनी काँक्रीट केलंय."

"तुमचं सिमेंट चावतं, आजोबा. माझा सोडा हाताचं कातडं काढतो, आजीला विचारा, ती साबण करते. हातमोजे नाहीत तर शेडमध्ये पाय ठेवायचा नाही."

त्या शेडमध्ये कुणी पाय ठेवायचा आणि कुणी नाही, हे आजवर एकाच माणसाने ठरवलं होतं. तिहोमीरने बापाच्या हातातल्या वाइनच्या जगकडे पाहिलं; तो फेकला गेला तर झेलायचा, अशा बेताने. रादिसावने मात्र कुमचा ग्लास भरला, तिहोमीरचा भरला, झागोर्काचाही भरला, आणि सगळ्यांत शेवटी नातीपाशी आला. वाइन ओतताना तो तिच्या कानाशी वाकला, इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मोठ्या मापात मिळतात का ते?" त्याने विचारलं.